कृष्णाकाठची पाणीपातळी : विस्कळीत वेबपानांतून आकडे काढणारी छोटी स्क्रिप्ट कशी लिहावी?

दूधगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. आमचे गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या टापूत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे पाणी ज्यांच्या रानात किंवा घरात शिरले त्यांना हे सांगायला नको की, पावसाळा जोर धरू लागला की इकडचा माणूस केवळ आपल्या नदीकडे पाहून थांबत नाही. कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत का, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीशी आहे की ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली आहे, आणि खाली अलमट्टीत पाणी ५१९.६० मीटरच्या पूर्ण पातळीपासून किती खाली राखले आहे, हे सगळे त्याला एकाच सकाळी हवे असते. हुक्केरी-गोकाककडच्या मंडळींना हिडकल धरणाची, तर सौंदत्ती-रामदुर्गकडच्यांना नविलुतीर्थाची काळजी असते.

ही सारी माहिती जाहीर आहे, परंतु ती दोन राज्यांच्या वेगवेगळ्या पानांवर, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत विखुरलेली आहे. एका पानावर तक्त्याच्या आत तक्ता आहे, दुसरीकडे रोज नवी पीडीएफ चढवली जाते, आणि एका ठिकाणी तर छापील कागदाचे छायाचित्रच टाकले जाते. कुठे पातळी फुटांत, कुठे मीटरमध्ये. साठा कुठे टीएमसीत (अब्ज घनफुटांत), कुठे दशलक्ष घनमीटरमध्ये. मला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची बेताची ओळख आहे. दररोज सकाळी हे आकडे आपोआप एका सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलीत जमा व्हावेत आणि पावसाळा संपल्यावर गावातल्या कोणालाही ती फाइल उघडून कोणत्या दिवशी काय घडले ते पाहता यावे, एवढाच माझा हेतू आहे. पुराचा इशारा देणे हे जिल्हा प्रशासनाचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे; मला हवी आहे ती विश्वासाने वापरता येईल अशी नोंद.

कोणी तयार प्रोग्राम द्यावा अशी अपेक्षा नाही. कोणत्या क्रमाने काम करावे आणि आकडा कुठे फसवतो, हे जाणकारांनी कारणांसह सांगितले तर फार उपयोग होईल.

कागवाड नाका

स्क्रिप्टची खरोखरच गरज आहे का, याचा आधी विचार करावा. गूगल शीट्समध्ये इंपोर्ट-एचटीएमएल हे सूत्र आहे. त्याला पानाचा पत्ता आणि तक्त्याचा क्रमांक दिला की तक्ता थेट शीटमध्ये येतो. आमच्या सोसायटीत आम्ही बाजारभावांसाठी हेच वापरतो आणि त्यासाठी कोणाला प्रोग्रामिंग शिकावे लागले नाही.

सुबकतक्ता

मी मूळची खानापूरची आणि सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असते. वेबपानांवरून माहिती काढणे हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कागवाडच्या दादांनी सुचवलेले सूत्र आजचा भाव पाहायला उत्तम आहे. परंतु धागाकर्त्यांना नोंद हवी आहे आणि तिथे ते दोन कारणांनी अपुरे पडते. पान बदलले की शीटमधला जुना आकडा पुसला जाऊन नवा येतो, म्हणजे कालचे काही उरत नाही. शिवाय शीट आपल्या मताने मजकुराचे रूपांतर करते. एखाद्या बंधाऱ्याची पातळी दहा फूट पाच इंच असेल आणि पानावर ती १०-५ अशी लिहिलेली असेल, तर शीट तिला तारीख समजते, आणि मूळ मजकूर काय होता ते नंतर कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की स्क्रिप्टचे दोन वेगळे भाग करावेत. पहिल्या भागाने पान उतरवून घ्यावे आणि ते जसेच्या तसे, तारीख आणि वेळ नावात घालून, एका फोल्डरमध्ये ठेवावे. त्याने आकड्यांना हातही लावू नये. दुसऱ्या भागाने फक्त त्या फोल्डरमधल्या फाइली वाचाव्यात आणि त्यांतून आकडे काढावेत. पानाची मांडणी जुलैत एक आणि ऑगस्टमध्ये दुसरी असे हमखास होते. मूळ पाने जपलेली असली तर दुसरा भाग सुधारून संपूर्ण हंगामाचे आकडे नव्याने काढता येतात. ती जपलेली नसली तर त्या दिवसाचा आकडा कायमचा गेला, कारण कालचे पान आज कोणत्याही संकेतस्थळावर मिळेलच असे नाही.

आता वाचण्याविषयी. पान रिक्वेस्ट्सने उतरवावे आणि ब्यूटिफुल सूपने वाचावे, ही पायथनमधल्या तयार साधनांची जोडी आपल्या कामाला पुरेशी आहे. इथे एक काळजी घ्यावी. सर्व्हरने अक्षरांची एन्कोडिंग (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) कोणती ते सांगितले नसेल तर रिक्वेस्ट्स पूर्वीपासून युरोपीय लिपीची एन्कोडिंग गृहीत धरते, आणि मग देवनागरी व कन्नड मजकुराच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. यासाठी रिक्वेस्ट्सने तयार केलेला मजकूर न घेता मूळ बाइट्सच ब्यूटिफुल सूपकडे द्यावेत. पानाच्या डोक्यावर लिहिलेली एन्कोडिंग ते स्वतः शोधते आणि बहुतेक वेळा काम तिथेच मिटते.

तक्त्याच्या आत तक्ता असेल तर बाहेरच्या तक्त्याच्या सगळ्या ओळी मागताना आतल्या तक्त्याच्या ओळीही त्यात मिसळून येतात आणि धरणांची नावे दोनदा दिसू लागतात. अशा वेळी ज्या तक्त्याच्या पोटात आणखी तक्ता नाही, तोच निवडावा. ब्राउझरमध्ये उजवी क्लिक करून घटकाचा मार्ग कॉपी करण्याची सवय अनेकांना असते. त्या मार्गात बहुधा टीबॉडी हा टॅग असतो, परंतु पानाच्या मूळ स्रोतात तो नसतो, कारण ब्राउझरने तो स्वतःहून घातलेला असतो. म्हणून तो मार्ग स्क्रिप्टमध्ये रिकामा निघतो आणि नवशिक्या माणूस तासन्‌तास चूक शोधत राहतो. स्क्रिप्टने पाहायचा असतो तो पानाचा मूळ स्रोत, त्यामुळे आपणही तोच पाहून लिहावे.

शेवटचे म्हणजे, स्तंभ क्रमांकाने निवडू नका, शीर्षकाने निवडा. ‘चौथा स्तंभ म्हणजे आजची पातळी’ असे लिहिले आणि उद्या कोणी मध्ये ‘गतवर्षीची पातळी’ हा स्तंभ घातला, तर स्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता गेल्या वर्षीचे आकडे आजचे म्हणून भरत राहील. अपेक्षित शीर्षक सापडले नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे आणि ठळकपणे सांगावे. चुकीचा आकडा भरण्यापेक्षा रिकामी जागा शतपटीने बरी.

दूधगंगाकाठ

ताई, मनापासून आभार. दोन भाग करण्याची सूचना लगेच पटली. कन्नड पानांवरच्या शीर्षकांचे काय करावे? मला बोलता येते, पण वाचताना अडखळायला होते.

हुक्केरी मास्तर

मी निवृत्त शिक्षक आहे आणि दोन्ही भाषांत शिकवले आहे, म्हणून एवढ्यापुरते सांगतो. कन्नड तक्त्यांत साधारणपणे गरिष्ठ मट्ट म्हणजे पूर्ण भरल्यावरची पातळी, इंदिन मट्ट म्हणजे आजची पातळी, ओळहरिवु म्हणजे आवक आणि होरहरिवु म्हणजे विसर्ग, अशी शीर्षके येतात. फुटांना अडी म्हणतात. या शब्दांची कन्नड लिपीतली यादी आपल्या स्क्रिप्टशेजारी एका स्वतंत्र फाइलीत ठेवावी आणि प्रत्येक शब्दासमोर मराठी नाव लिहावे. नवे शीर्षक दिसले की त्या यादीत भर घालावी, म्हणजे स्क्रिप्टला हात लावावा लागणार नाही.

गावांच्या आणि धरणांच्या नावांनाही हीच यादी लागेल. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावी झाले, परंतु पानांवर रोमन लिपीत जुने आणि नवे दोन्ही सापडतात. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी ही तर एकाच पानावर दिसतात. खानापूर नावाचा तालुका आपल्याकडे आहे तसा सांगली जिल्ह्यातही आहे, तेव्हा पावसाचे आकडे गोळा करताना तालुक्याच्या नावाशेजारी जिल्हा लिहिलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कन्नड शून्य आणि कन्नड अनुस्वार दिसायला जवळजवळ सारखेच असतात. टंकलेखक घाईत एकाच्या जागी दुसरे चिन्ह देतात. माणसाच्या डोळ्यांना काही कळत नाही, यंत्र मात्र अडते. मराठी पानांवर वेळ लिहिताना अपूर्णविरामाच्या जागी विसर्गाचे अक्षरचिन्ह (ः) दिलेले आपण सर्वांनीच पाहिला आहे. तेही याच प्रकारातले.

सुबकतक्ता

मास्तर, हे फार मोलाचे सांगितलेत. यंत्र अडते हे इथे आपल्या फायद्याचे आहे. पायथन देवनागरी आणि कन्नड अंकांचे थेट संख्येत रूपांतर करते, त्यासाठी वेगळे कोष्टक लागत नाही. परंतु अंकांत अनुस्वार मिसळला असेल तर ते त्रुटी दाखवून थांबते. अशा ओळी आपोआप दुरुस्त करण्याऐवजी बाजूला काढून माणसाला दाखवाव्यात. कोणी हेच काम जावास्क्रिप्टमध्ये करत असेल तर तिथे नियम वेगळा आहे: तिथे अंक ओळखणारी खूण फक्त रोमन ० ते ९ ओळखते, देवनागरी आणि कन्नड अंक तिला दिसतच नाहीत.

आता मी ज्या मुद्द्यासाठी पुन्हा लिहायला बसले तो मांडते, कारण पूरपातळीच्या नोंदीत सर्वांत मोठी फसगत तिथे होते. तो मुद्दा म्हणजे फूट आणि इंच.

आपल्याकडे बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचांत सांगण्याची रीत आहे. पानावर ती कधी एकेरी-दुहेरी अवतरणचिन्हांनी लिहितात, कधी दुहेरीच्या जागी दोन एकेरी चिन्हे देतात, कधी ‘फूट’ आणि ‘इंच’ हे शब्द लिहितात. इथवर फारशी अडचण नाही. पहिली संख्या, मध्ये अंक नसलेले काहीही, मग दुसरी संख्या, एवढा साचा शोधला की काम होते. पण काही ठिकाणी हीच पातळी टिंब देऊन लिहितात. एकोणचाळीस फूट एक इंच म्हणजे ३९.१ आणि एकोणचाळीस फूट दहा इंच म्हणजे ३९.१०. या दोन्ही मजकुरांचे संख्येत रूपांतर केले की यंत्राच्या दृष्टीने ती एकच संख्या होते, कारण दशांशानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते. नऊ इंचांचा फरक एका क्षणात नाहीसा झाला, आणि तोही नेमका इशारा पातळीच्या आसपास! नऊ इंच वाढ म्हणजे काय, हे ज्यांनी रात्री उंबऱ्याशी पाणी येताना पाहिले आहे त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

म्हणून टिंब असलेली पातळी कधीही थेट संख्येत बदलू नये. आधी ती मजकूर म्हणूनच साठवावी. मग त्या पानावरच्या अनेक दिवसांच्या नोंदी एकत्र पाहाव्यात. टिंबानंतरचा भाग कधीच ११ च्या पुढे जात नसेल तर ते बहुधा इंच आहेत, ३९.४५ किंवा ३९.८० अशा नोंदी दिसत असतील तर तो दशांश आहे. एका दिवसाच्या नोंदीवरून हे ठरवता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या काळात निर्णय राखून ठेवावा. ठरल्यावर तो त्या पानापुरताच लागू करावा, कारण शेजारच्या पानाची रीत वेगळी असू शकते. पांडाज ही पायथनमधली तक्ते हाताळणारी लायब्ररी वापरून तक्ता स्क्रिप्टच्या एका ओळीत वाचता येतो आणि ते सोयीचे आहे, पण पांडाज वाचतानाच संख्या बनवते. तेव्हा सगळे स्तंभ मजकूर म्हणून वाचायला तिला स्पष्टपणे सांगावे लागते.

एककांबद्दलही हेच. आकड्याच्या आकारावरून एकक ओळखण्याचा मोह होतो आणि एखाद्या धरणापुरते ते जमतेही: अलमट्टीची पातळी ५१९ च्या आसपास असेल तर मीटर, १७०४ च्या आसपास असेल तर फूट. साठ्याच्या बाबतीत मात्र टीएमसी आणि टक्केवारी सहज एकमेकांत मिसळतात. कोयनेचा पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी आहे, म्हणजे तिथे ९० हा आकडा टीएमसीही असू शकतो आणि टक्केही. शीर्षकात किंवा तळटिपेत जे लिहिले आहे तेच एकक घ्यावे आणि आकड्याशेजारच्या स्तंभात नोंदवावे. रूपांतर सर्वांत शेवटी करावे: एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर आणि प्रवाहासाठी एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक (सेकंदाला घनफूट).

घाटमाथा

मी कणकुंबीजवळचा. मलप्रभा आमच्याकडेच उगम पावते, पण पातळीचे आकडे आम्हाला खालून, सौंदत्तीहून कळतात. प्रश्न असा की, हल्ली पानाचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेला दिला तर ती नीटनेटका तक्ता करून देते. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

सुबकतक्ता

दादा, स्क्रिप्ट लिहिताना तिची मदत जरूर घ्यावी, मीही घेते. शीर्षकांची यादी करणे, साचा सुचवणे ही कामे ती चांगली करते. पण रोजचा आकडा तिने वाचून लिहावा हे मला मान्य नाही. जिथे मूळ पानावर रेघ आहे तिथे ती संदर्भावरून पटण्याजोगा आकडा भरू शकते, आणि तो इतका बेमालूम असतो की नंतर ओळखू येत नाही. लिहून ठेवलेला नियम चुकला तर रोज एकाच पद्धतीने चुकतो, त्यामुळे तो सापडतो आणि सुधारता येतो.

हुक्केरी मास्तर

रेघेचा विषय निघालाच आहे तर रिकाम्या जागांबद्दल लिहितो. सरकारी तक्त्यांत आकडा नसल्यास कुठे रेघ, कुठे ‘निरंक’, कुठे रोमन अक्षरांत ‘निल’ आणि कुठे नुसती मोकळी चौकट असते. यांचे अर्थ एक नाहीत. पावसाच्या स्तंभात ‘निरंक’ म्हणजे पाऊस शून्य मिलिमीटर. विसर्गाच्या स्तंभात मोकळी चौकट म्हणजे मात्र विसर्ग शून्य असे नाही. त्या सकाळी माहिती पोहोचली नसेल एवढेच. पुराच्या दिवसांत वीज आणि फोन दोन्ही जातात, म्हणजे ज्या दिवशी विसर्ग सर्वाधिक असतो त्याच दिवशी चौकट मोकळी राहण्याची शक्यता अधिक. तिथे स्क्रिप्टने शून्य भरला तर पुढच्या वर्षी ती नोंद वाचणाऱ्याला वाटेल की त्या दिवशी धरणातून पाणी सोडलेच नव्हते. दोन राज्यांत पाण्यावरून आधीच पुष्कळ बोलले जाते, अलमट्टीच्या पातळीची चर्चा तर दर पावसाळ्यात होते. आपल्या फाइलीतल्या खोट्या शून्यामुळे त्यात भर पडू नये, असे मला कळकळीने वाटते.

तारखांचेही पाहावे. ०७/०८/२०१९ ही आपल्यासाठी ७ ऑगस्ट, महापुराच्या ऐन दिवसांतली तारीख आहे.

सुबकतक्ता

आणि पांडाजला काही न सांगता दिली तर ती ८ जुलै होते. दिवस आधी आणि महिना नंतर हे तिला प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे. नाहीतर गंमत अशी होते की तेराव्या तारखेपासून पुढच्या तारखांना महिना समजणे शक्यच नसते, त्यामुळे महिन्याचा अर्धा भाग बरोबर आणि अर्धा चूक अशी फाइल तयार होऊ शकते, आणि वरवर पाहणाऱ्याला ती ठीकच वाटते.

पानावरची तारीख आणि आपण पान उतरवल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही साठवाव्यात. सकाळी ८ ची नोंद पानावर चढायला उशीर झाला तर स्क्रिप्टला कालचेच पान मिळते. पानावरची तारीख न वाचता आजची तारीख लावली की कालचा आकडा आज पुन्हा नोंदला जातो, आणि पाणी स्थिर असल्याचा खोटा भास होतो.

दूधगंगाकाठ

इथवरचे सगळे टिपून घेतले. आता पीडीएफ आणि छायाचित्रांबद्दल विचारतो. एका पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर कन्नडऐवजी रोमन अक्षरांचा गुंता येतो. पीडीएफच बिघडलेली आहे का?

हुक्केरी मास्तर

पीडीएफ बिघडलेली नाही. ती नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असावी. युनिकोड रुळण्यापूर्वी कन्नडसाठी नुडी आणि बरह, तर मराठीसाठी श्रीलिपी वगैरे फॉन्ट कचेऱ्यांत रूढ झाले, आणि जुने साचे आजही अनेक ठिकाणी तसेच वापरले जातात. अशा फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि कन्नडचे फक्त रूप दाखवले जाते. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. तुम्हाला तर मजकुराची फारशी गरजही नाही. धरणांची नावे रोज त्याच क्रमाने, त्याच गुंत्याच्या रूपात येतील, तेव्हा तो गुंताच यादीत नोंदवून त्यासमोर धरणाचे नाव लिहिले तरी चालेल. आकडे अनेकदा शाबूत राहतात, पण प्रत्येक नव्या साच्याच्या वेळी एकदा छापील पान समोर ठेवून ताडून पाहावे.

सुबकतक्ता

मास्तरांच्या उत्तरात भर घालते. मजकूर असलेल्या पीडीएफमधून तक्ता काढायला पीडीएफ-प्लंबर चांगले आहे. ते रेघांवरून चौकटी ओळखते. छायाचित्रातली अक्षरे ओळखायला टेसरॅक्ट हे साधन लागेल. त्यात मराठी आणि कन्नड दोन्हींची सोय आहे, परंतु आकडे रोमन असतील तर भाषा न लावता फक्त आकड्यांचा स्तंभ कापून, ० ते ९ आणि टिंब एवढीच चिन्हे ओळखायला सांगावीत. तरीही ३ आणि ८, १ आणि ७ यांची अदलाबदल होते. म्हणून छायाचित्रातून आलेल्या प्रत्येक आकड्यावर तशी खूण असावी.

अशा आकड्यांची पडताळणी नदीच करून देते, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. पाणी कुठे नाहीसे होत नाही. एक हजार क्युसेक, दोन हजार क्युसेक असे आपण नुसते वाचतो, पण ११,५७४ क्युसेकचा प्रवाह पूर्ण एक दिवस चालला की बरोबर एक टीएमसी पाणी होते. म्हणजे हिडकलमध्ये दिवसभर आवक ४०,००० क्युसेक आणि कालव्यांसह एकूण विसर्ग ५,००० क्युसेक असेल, तर साठा दुसऱ्या सकाळपर्यंत सुमारे तीन टीएमसीने वाढलेला दिसला पाहिजे. आवक दिवसभर बदलते, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही. पण साठा घटलेला दिसत असेल किंवा वाढ दहा टीएमसी दिसत असेल, तर कुठेतरी आकडा चुकीचा वाचला गेला आहे हे नक्की. तसेच पातळी वाढली आणि साठा कमी झाला, असे एकाच धरणात होऊ शकत नाही.

कमाल-किमान मर्यादा मात्र प्रत्येक धरणाची स्वतंत्र ठेवावी. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट आणि बेळगाव शहराला पाणी देणाऱ्या राकसकोपची २४७५ फूट. या दोन आकड्यांत एकाच अंकाचा फरक आहे. ‘२००० ते २५०० मध्ये असेल तर बरोबर’ असा ढोबळ नियम लावला, तर ओळी वरखाली झाल्या तरी कळणार नाही.

यात एक गोष्ट निक्षून सांगते: नियमात न बसणारा आकडा खोडू नये. त्याच्यापुढे शंकेची खूण करावी आणि तो तसाच ठेवावा. संख्याशास्त्राच्या पुस्तकी सवयीने अनेक जण एकदम उसळलेला आकडा चूक समजून वगळतात. पण पूर येतो तेव्हा आकडे उसळतातच, आणि आपण ही फाइल नेमकी त्याच दिवसांसाठी तयार करत आहोत.

कागवाड नाका

एक व्यावहारिक शंका. ही स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवली तर चालेल का? पूर असताना तासातासाला पातळी बदलते.

सुबकतक्ता

दादा, कृपया तसे करू नये. पूर असताना हजारो माणसे फोनवरून तेच पान उघडत असतात आणि तो सर्व्हर आधीच मेटाकुटीला आलेला असतो. ज्याचे घर पाण्याजवळ आहे त्याला पान उघडणे हा पहिला हक्क आहे. आपली नोंद त्याच्या आड येता कामा नये. जे पान दिवसातून एकदा बदलते ते एकदाच घ्यावे, तासाने बदलणारे तासाने घ्यावे, आणि दोन पानांच्या मध्ये काही सेकंदांची विश्रांती ठेवावी. पान मिळाले नाही तर लगेच पुन्हा पुन्हा मागत बसू नये. संकेतस्थळाच्या मुळाशी रोबोट्स नावाची मजकूर फाइल असते, तीत स्वयंचलित भेटींविषयी काय लिहिले आहे ते वाचून पाळावे. स्क्रिप्टच्या ओळखीत आपला संपर्क द्यावा, म्हणजे त्रास झाल्यास संबंधित कचेरी आपल्याला सांगू शकेल.

त्याआधी हेही पाहावे की आकडे अधिक सोप्या वाटेने मिळतात का. काही पाने उघडल्यावर आत रिकामी असतात आणि ब्राउझर नंतर मागून आकडे आणतो. स्क्रिप्टला अशा पानात काहीच सापडत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत पाहिले तर तेच आकडे जेसॉन स्वरूपात, अगदी नीट मांडलेले दिसतात. केंद्रीय जल आयोगाचे पूर अंदाजाचे संकेतस्थळ आणि इंडिया-डब्ल्यूआरआयएस हे पोर्टल आधी धुंडाळावे. हवे ते ठिकाण तिथे असेल, तर विस्कळीत पान उपसण्याची गरजच उरत नाही.

घरचा संगणक रोज सकाळी चालू असेलच असे नाही, म्हणून अनेक जण ठरल्या वेळी इंटरनेटवरच स्क्रिप्ट चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सवर स्क्रिप्ट लावतात. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्या सकाळी साडेआठला चालवायची असेल तर तिथे पहाटेचे ३ लिहावेत, आणि ती थोडी उशिरा चालू शकते हेही धरून चालावे.

घाटमाथा

हे वाचून मला वाटते की नविलुतीर्थासाठी असेच काही आम्हीही करावे. त्याचा पूर्ण साठा ३७.७३ टीएमसी आणि पातळी २०७९.५० फूट, एवढे मर्यादेसाठी आमच्याकडून घ्या. कणकुंबीच्या पावसाचे आकडे मी रोज पाहतोच, त्यांचे पान कसे दिसते ते इथे लिहून ठेवतो.

दूधगंगाकाठ

सर्वांचे ऐकून मी फाइलीचे स्तंभ असे ठरवले आहेत: ठिकाण, जिल्हा, पानावरची तारीख आणि वेळ, पान उतरवल्याची वेळ, पानावर जसा होता तसा मूळ मजकूर, त्यावरून काढलेली संख्या, एकक, आकडा मजकुरातून आला की छायाचित्रातून, शंकेची खूण, आणि जपून ठेवलेल्या मूळ पानाच्या फाइलीचे नाव. खळ्यावरून निघालेल्या प्रत्येक पोत्यावर आपण शेताचे नाव लिहितो, तसा प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा माग राहील. कोणी ‘हा आकडा कुठून आणलास’ असे विचारले तर ते पानच उघडून दाखवता येईल.

सुरुवात राजाराम बंधारा, कोयना आणि हिडकल या तीनच ठिकाणांपासून करतो. अलमट्टी त्यानंतर जोडेन, कारण तिथली पातळी मीटरमध्ये आहे आणि एककांची घडी आधी नीट बसायला हवी. मास्तर, कन्नड शीर्षकांची यादी मी तयार करून इथेच टाकतो. आपण नजरेखालून घातलीत तर मी निश्चिंत होईन.

हुक्केरी मास्तर

अवश्य टाका. शक्य झाल्यास त्या पानांची दोन-तीन वेगवेगळ्या महिन्यांतली रूपे सोबत द्या, कारण मे महिन्यात दिसणारी शीर्षके आणि पावसाळ्यात दिसणारी शीर्षके सारखी नसतात. पावसाळ्यात आवक-विसर्गाचे स्तंभ वाढतात. २०१९ ची काही छापील पत्रके माझ्या कपाटात आहेत, त्यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवतो. टेसरॅक्टची चाचणी त्यांच्यावर घ्या, आकडे मी हाताने लिहून देईन, म्हणजे यंत्र कुठे चुकते ते ओळीनिशी पडताळता येईल.